सरळ बाजूंचा नकाशा

"कोणता कागद?"

नकाशा मागायला कुणी दारात उभं राहिलं की आबा मान वर न करता एवढंच विचारायचे. समोरचा माणूस गोंधळायचा. नकाशा म्हणजे नकाशा, त्यात कोणता कागद कसला? मग आबा चष्मा कपाळावर चढवायचे, शाईच्या रेषा ओढायच्या रूलिंग पेनचं टोक फडक्याला पुसायचे आणि शांतपणे म्हणायचे, "तीन असतात. सांगा, त्यातला कोणता देऊ?"

मागणारा ओव्हरसिअर असो, ठेकेदार असो, की खुद्द डेप्युटी साहेब असोत, प्रश्न तोच आणि आवाजही तोच. अशी माणसं तुम्हीही एखाद्या ऑफिसात पाहिली असतील. त्यांच्यामुळे काम अडतं असं सगळे म्हणतात, आणि ती रजेवर गेली की काम खरोखरच अडतं.

तलावांची कामं पाहणारं आमचं ते छोटं सरकारी ऑफिस नगरात होतं. मी तिथं ट्रेसर म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. वडील भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून. ड्रॉइंग हॉलमध्ये बाई म्हणून मी एकटीच. पहिल्या दिवशी कुठं बसायचं हेही मला कुणी सांगितलं नाही. आबांनी आपल्या शेजारच्या टेबलावरचे रोल उचलले, टेबल पुसलं आणि म्हणाले, "उजेड डावीकडून येतो इथं. हाताची सावली पडणार नाही. बसा."

त्याच आठवड्यात त्यांनी मला तीन कागद समजावले. तिन्ही एकाशेजारी एक मांडले.

"हा जाड कागद, पेन्सिलीचा. यावर साहेब लोक विचार करतात. खोडतात, परत काढतात. याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे कापड, शाईचं. पेन्सिलीच्या नकाशावर पसरून आपण यावर रेषा उतरवतो. यावर विचार करायचा नाही, झालेला विचार उतरवायचा. हे ऑफिसच्या बाहेर जात नाही. आणि ही निळी प्रिंट. कापडाखाली रसायनाचा मसाला लावलेला कागद ठेवून उन्हात काढलेली, पाण्यात धुतलेली. ही कामावर जाते. चिखलात पडते, फाटते, हरवते. फाटली तर फाटू दे, कापडावरून दुसरी निघते. पण निळीवर कुणी पेनानं बदल करायचा नाही. बदल हवा असेल तर कापडाकडे यायचं."

मी मान हलवली. मग त्यांनी बोट वर करून सांगितलं, "आणि बाई, नकाशा बदलला, नवं कापड झालं, की जुन्या कापडावर तांबड्या शाईनं आडवं 'रद्द' लिहायचं. त्याच दिवशी. एका कपाटात एकाच कामाची दोन जिवंत कापडं ठेवायची नाहीत."

माझा भाचा आता पुण्यात संगणकावर नकाशे काढतो. मागे त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्यानं मला हौसेनं त्याच्या फायली दाखवल्या. एक डीडब्ल्यूजी, तिच्यात रेषा हलवता येते. एक डीएक्सएफ, ती दुसऱ्याच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी म्हणून करून द्यायची. एक पीडीएफ, ती फक्त बघायची आणि छापायची, कामावर पाठवायची. आणि एक बॅक, म्हणजे आधीची जुनी प्रत, ती संगणक आपोआप बाजूला ठेवून देतो. मी त्याला विचारलं, "जुनी चुकून कामावर गेली तर?" तो हसला. "नाव बघायचं ना, मावशी." मी त्या नावांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. नाव न बघण्याची किंमत काय असते ते मला ठाऊक होतं.

पण आधी आबांविषयी सांगते.

ते तेव्हा बावन्न-त्रेपन्नचे असतील. अंगात पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर कायमचा शाईचा डाग. वीस वर्षांत ते कधी प्रत्यक्ष तलावाच्या कामावर गेले नव्हते. जिल्हाभरातले तलाव त्यांनी कापडावर काढले होते, त्यातला एकही डोळ्यांनी पाहिला नव्हता. कुणी चिडवलं तर म्हणायचे, "तलाव बघायला जाणारे पुष्कळ आहेत. रेषा बघणारा मी एकटा." ट्रेसिंगच्या कापडाचे उरलेले तुकडे ते घरी नेऊन धुवायचे. खळ निघून गेली की आतून मलमलीसारखं मऊ कापड निघायचं. त्याचे ते रुमाल करायचे. अख्ख्या ऑफिसात इतका मऊ रुमाल कुणाकडे नव्हता. मात्र शाई पुरती गेलेली नसायची, आणि घाम पुसताना कपाळाजवळ एखादा पुसट आकडा दिसायचा.

त्यांना एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे त्यांचा उत्तरेचा बाण. नकाशाच्या कोपऱ्यात दिशा दाखवायला बाण काढतात. बाकीचे एक रेघ ओढून वर टोक काढायचे. आबांचा बाण मोरपिसासारखा असायचा, त्यात केसाएवढ्या बारीक रेषा. दुसऱ्या ऑफिसातली माणसं तो बघायला यायची. आबा तोंडानं काही बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांच्याकडून.

बहात्तरचा दुष्काळ आला. पूर्वेकडचे तालुके आधीच कोरडे, ते पार करपून गेले. दरसाल ऊसतोडीला जाणारी माणसं त्या वर्षी गावातच अडकली, कारण तोडायला पुरेसा ऊसच कुठं नव्हता. सरकारनं जागोजागी कामं काढली आणि आमच्या हॉलमध्ये नकाशांचा ढीग लागला. जामखेड तालुक्यात खर्ड्याच्या बाजूला एक तलाव मंजूर झाला. त्याचं कापड आबांनी काढलं.

अकरा दिवस लागले त्यांना. तसं काम मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ओढ्याची वळणं, टेकडीच्या उताराच्या रेषा, आणि खाली धरणाच्या पायाखंदकाचा छेद. मातीच्या धरणाखाली आधी लांबलचक खोल खंदक खणतात, कठीण थर लागेपर्यंत. मग त्यात काळी माती ठासून भरतात, म्हणजे खालून पाणी झिरपत नाही. तिथली जमीन पक्क्या मुरुमाची आहे असं धरून साहेबांनी खंदकाच्या बाजू सरळ दाखवल्या होत्या, भिंतीसारख्या उभ्या.

कापड पुरं झालं आणि आठवड्यातच चाचणीच्या खड्ड्यांचा अहवाल आला. मुरूम वरवरचा होता. खाली वाळूमिश्रित भुसभुशीत थर. अशा जमिनीत उभी भिंत टिकत नाही. साहेबांनी पेन्सिलीचा नकाशा बदलला. खंदकाच्या बाजू उतरत्या, पायऱ्यापायऱ्यांच्या केल्या. आबांनी तीन दिवसांत नवं कापड काढलं, साधंच. बाणसुद्धा एका रेघेचा. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'सुधारित' असं लिहिलं.

जुन्या कापडावर मात्र त्यांनी 'रद्द' लिहिलं नाही.

मला ते माहीत नव्हतं. तांबड्या शाईची बाटली त्या दिवशी त्यांच्या टेबलावर होती, एवढं मी पाहिलं होतं. त्यांनी बूच उघडलं, कापडाकडे बराच वेळ बघितलं आणि बूच लावून टाकलं. मला वाटलं, लिहून झालं असेल.

निळ्या प्रिंट धुवायला पाणी लागतं, आणि त्या वर्षी नगरात प्यायलाच पाणी नव्हतं. त्यामुळे प्रिंटचं काम साचत गेलं. एके दिवशी सकाळी टँकरनं ऑफिसला दोन पिंपं पाणी दिलं. डेप्युटी साहेबांनी हुकूम सोडला, साचलेल्या सगळ्या प्रिंट आजच काढा. नेमके आबा त्या दिवशी रजेवर होते, त्यांच्या बायकोचे डोळे दाखवायला गेलेले. प्रिंट काढणारा शिपाई गच्चीवर काचेची चौकट मांडून तयार होता. तो खाली येऊन म्हणाला, "बाई, खर्ड्याचं कापड द्या. ऊन चढलंय."

मी कपाट उघडलं. मागच्या बाजूला दोन रोल होते, दोन्हींवर एकच नंबर. दोन्ही थोडे उलगडले. एकात साधी रेघ होती, दुसऱ्यात मोरपीस. मी कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं नाही. इतकं सुंदर आहे तेच पक्कं असणार, असं माझ्या मनानं परस्पर ठरवलं, आणि मोरपिसाचा रोल शिपायाच्या हातात दिला.

संध्याकाळी चाळीस प्रिंटांचा ढीग डेप्युटी साहेबांपुढे गेला. त्यांनी एकामागून एक सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी त्या कामांवर रवाना झाल्या.

त्यानंतर तीन आठवडे काहीच झालं नाही.

मग एका सोमवारी सकाळी टपालात खर्ड्याच्या ओव्हरसिअरचा कामाचा अहवाल आला. कारकुनानं तो वाचून आबांकडे टाकला, कारण त्यात आणखी दोन प्रिंट मागितल्या होत्या. आबा वाचायला लागले आणि मधेच थांबले. मी शेजारीच होते. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि एका ओळीवर नख ठेवलं. 'खंदक चौदा फूट खोल झाला असून बाजू प्रिंटप्रमाणे सरळ ठेवल्या आहेत.'

"सरळ," आबा म्हणाले.

ते उठले आणि कपाटापाशी गेले. दोन्ही रोल बाहेर काढले. नव्या रोलचं कापड अजून करकरीत होतं, ते कधी उन्हात गेलंच नव्हतं. जुन्याच्या कडांवर चौकटीच्या काचेचा दाब दिसत होता. आबा माझ्याकडे वळले.

"प्रिंट काढल्या तेव्हा कोणता कागद दिला?"

"हा," मी म्हणाले. मी जुन्या रोलवर बोट ठेवलं.

मला वाटलं, ते ओरडतील. ते म्हणाले, "याच्यावर मी रद्द लिहिलं नव्हतं." आणि टोपी नीट केली.

डेप्युटी साहेब जीप घेऊन पारनेरकडे दौऱ्यावर होते, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. आबांनी जामखेडला ट्रंक कॉल लावायला सांगितला. अर्धा तास थांबलो. लाइन लागली नाही. कारकून म्हणाला, "तार करा." आबा म्हणाले, "तार जामखेडला पोचेल. खंदकात कोण नेऊन देणार?" त्यांनी नव्या कापडाचा रोल काखेत मारला. जिवंत कापड ऑफिसबाहेर नेताना मी त्यांना त्या एकाच दिवशी पाहिलं.

"मी येते," मी म्हणाले.

"घरी काय सांगाल?"

"सांगेन."

साडेदहाची जामखेड गाडी आम्हाला मिळाली. ती एसटी मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक फाट्यावर थांबत होती, प्रत्येक फाट्यावर माणसं बोचकी घेऊन चढत होती. आबा खिडकीशी बसले होते, रोल मांडीवर आडवा. बाहेर रान राखेच्या रंगाचं. कुठं एखादं काम चालू दिसलं, माणसांची रांग दिसली, की ते मान वळवून दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचे. मध्ये एकदाच बोलले. "चौदा फूट म्हणजे किती असतं हो, बाई?"

मी त्यांच्याकडे बघितलं. हजारो वेळा चौदा फूट काढणारा माणूस मला हे विचारत होता.

"दोन पुरुषांहून जास्त," मी म्हणाले.

जामखेडला उतरलो तेव्हा दीड वाजला होता. पुढची गाडी तीनला. स्टँडबाहेर पाण्याचा टँकर उभा होता, तो खर्ड्याच्या कामावरच चालला होता. आबांनी ड्रायव्हरला दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं बिडी टाकली आणि दार उघडलं. पण भरलेला टँकर पळवता येत नाही. कच्च्या रस्त्यावर मागे पाणी डचमळायचं, गाडी कलायची, तो वेग कमी करायचा. "हळू चालवल्याबिगर न्हाई जमत, आबा. पलटी झाली तर कुनीच पोचनार न्हाई," तो म्हणाला. आबा नुसते हं म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा माणसांची जेवणं उरकून काम पुन्हा सुरू झालं होतं.

मी काठाजवळ जाऊन तो खंदक पहिल्यांदा वरून पाहिला. नकाशात बोटभर जाडीचा पट्टा होता तो. इथं जमिनीला लांबच्या लांब भेग पडल्यासारखी खोल गल्ली, आणि तिच्या तळाशी साठ-सत्तर माणसं. पुरुष कुदळी मारत होते, बाया घमेली भरून खणलेल्या पायऱ्यांवरून वर येत होत्या. आणि खणून काढलेली सगळी माती त्यांनी काठावरच रचली होती, दोन्ही बाजूंना, डोंगरासारखी. सगळा भार त्या उभ्या भिंतींवर.

ओव्हरसिअर पंचविशीतला होता, कामसू, उन्हानं काळा पडलेला. आबांनी त्याला नवं कापड दाखवलं. "रावसाहेब, माणसं वर काढा. तुमच्याकडची प्रिंट जुन्या कापडावरची आहे. बाजू उतरत्या पाहिजेत."

त्यानं आपल्या पेटीतून निळी प्रिंट काढली. "यावर साहेबांची सही आहे. तुमच्या कापडावर नाही."

"कापडावर मागाहून होईल."

"मग झाल्यावर आणा. आबा, तुम्ही मोठे आहात, पण मी काम कशाच्या जोरावर थांबवू? उद्या मलाच विचारतील. लेखी आणा."

तो चुकीचं बोलत नव्हता. आबांनीच आयुष्यभर हेच शिकवलं होतं, प्रिंटवर सही असेल तेच खरं.

आबा काठाकडे गेले. मातीच्या ढिगामागे जमिनीत एक बारीक रेघ होती, खंदकाला समांतर, दहा-बारा पावलं लांब. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून त्या रेघेत उभी धरली आणि सोडली. पेन्सिल पुरती आत गेली. दिसेनाशी झाली.

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. "प्रिंट बघू," म्हणाले. ओव्हरसिअरनं दिली. आबांनी सदऱ्याच्या खिशातून तांबडी पेन्सिल काढली, प्रिंट टँकरच्या बॉनेटवर पसरली आणि साहेबांच्या सहीवरून आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रद्द'. खाली स्वतःची सही केली.

ट्रेसर लोकांना वरिष्ठांच्या सहीला हात लावायचा अधिकार नसतो. ओव्हरसिअर बघतच राहिला.

"आता हा कागद कामाचा राहिला नाही," आबा म्हणाले. "प्रिंटशिवाय काम चालवायचा तुम्हाला हुकूम आहे का?"

"नाही."

"मग वाजवा शिट्टी."

त्यानं शिट्टी वाजवली. खालून मुकादम ओरडला, "आत्ताच तर लागलोय कामाला." कुणी विचारलं, हजेरी मांडणार का. ओव्हरसिअर म्हणाला, मांडतो. माणसं कुरकुरत चढायला लागली. पायऱ्या अरुंद, एकामागून एकच माणूस येऊ शकत होता. आबा पायऱ्यांच्या तोंडाशी उभे होते. प्रत्येकाचा हात धरून त्याला वर घेत होते आणि "लांब व्हा, लांब" म्हणत होते. मी वर आलेल्या बायांना ढिगापासून दूर नेत होते.

सगळे वर आले असं वाटलं. एवढ्यात एक बाई माझ्या बाजूनं निसटून परत पायऱ्या उतरायला लागली. तिचं नाव कौसाबाई, ते नंतर कळलं. पस्तिशीची, सडपातळ. तिची पाण्यानं भरलेली कळशी खाली राहिली होती. त्या साली भरलेली कळशी कुणी मागे टाकत नव्हतं.

"बाई, मागं या," आबा म्हणाले.

"आलेच की, दादा," ती म्हणाली. खरंच ती लगेच परत फिरली. कळशी कमरेवर घेऊन तीन पायऱ्या चढलीही.

आवाज फार मोठा झाला नाही. धान्याचं पोतं उपडं केल्यावर होतो तसा. काठावरचा ढीग आधी हलला, मग त्याच्याखालची भिंत वीस-पंचवीस फूट लांबीनं आत बसली. धूळ खाली बसली तेव्हा कौसाबाई मांड्यांपर्यंत मातीत होती. कळशी हातात तशीच होती.

माणसं उड्या टाकणार, तेवढ्यात आबांनी हात आडवे केले. "सगळे नको. चौघं. पायऱ्यांच्या बाजूनं." आणि ते स्वतः उतरले. कुदळ वापरू दिली नाही. पाचही जणांनी हातांनी माती उकरली. मी वरून त्या भेगेकडे बघत होते, आणखी रुंदावते का ते. तेवढंच काम मला उरलं होतं.

तिचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता. टँकरवाल्यानं तोवर पाणी पिंपांत उतरवलं होतं. रिकामा टँकर जोरात पळाला. पुढं कौसाबाई आडवी, तिचा पाय माझ्या मांडीवर, आबांच्या टोपीच्या कापडानं दोन काठ्यांना बांधलेला. जागा नव्हती म्हणून आबा मागे टाकीच्या शिडीला धरून उभे. प्रत्येक धक्क्याला ती दातांवर दात धरायची. ओरडली नाही. एकदा फक्त म्हणाली, "ते दादा पडतील वो मागं."

जामखेडच्या दवाखान्यात पाय बांधला आणि दुसऱ्या दिवशी तिला नगरला आणलं.

चौकशी लागली. आबांनी जबाब दिला तो पानभरसुद्धा नव्हता. 'जुने कापड चांगले उतरले होते म्हणून मला रद्द करवले नाही. दोष माझा आहे.' साहेब म्हणाले, असं लिहू नका, नजरचुकीनं राहिलं असं लिहा. आबा म्हणाले, "नजर चुकली नव्हती, साहेब. नजर तिथंच होती."

माझं नाव कुठंच नव्हतं. शिपायाला कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी मी माझा जबाब लिहून आबांना दाखवला. त्यांनी वाचला आणि परत दिला.

"पेन्सिलीत लिहिलाय," म्हणाले. "म्हणजे अजून विचार चालू आहे."

"तुम्ही सांगाल तसं करते."

"मी माझा कागद लिहिला, बाई. तुमचा मी कसा लिहू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी तो शाईनं लिहिला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. मला लेखी ताकीद मिळाली. आबांचं पद एक पायरी खाली आणलं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

कौसाबाई दीड महिना इस्पितळात होती. आबा रोज ऑफिस सुटल्यावर तिकडं जायचे, कधी मीही जायचे. नवरा कामावर, मुलं सासूकडे. पहिल्याच भेटीत आबांनी तिला सांगून टाकलं की तो चुकीचा नकाशा त्यांनीच काढला होता. तिनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला बगू द्या की त्यो. काय असतंय नकाशा?"

दुसऱ्या दिवशी आबा चौकशीतून परत आलेलं ते जुनं कापड घेऊन आले. आता त्यावर तांबडं 'रद्द' होतं. त्यांनी ते तिच्या पांघरुणावर पसरलं. ती बोट फिरवत विचारत गेली.

"ह्ये काय?"

"हा ओढा."

"व्हय, वळतोय तितं. आन ह्ये?"

"हा खंदक. वरून खाली कापून बघितला तर असा दिसतो."

"लई सुबक काडलंय," ती म्हणाली. मग कापड हातानं सारखं केलं आणि विचारलं, "आन आमी कुटं हाये ह्याच्यात?"

आबांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. मग म्हणाले, "माणसं नकाशात दाखवत नाहीत."

"आस्सं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं ते कापड घडी करून त्यांच्या हातात दिलं.

त्यानंतर आठवड्याभरात आबांनी खर्ड्याच्या कामावर बदली मागितली. सगळ्यांना वाटलं, पद उतरल्याच्या रागानं मागितली. घरी बायको अर्धी आंधळी, तिला बरोबर घेऊन तिथल्या एका खोलीत राहिले. माझ्या शेजारचं टेबल रिकामं झालं. कुणी नकाशा मागायला आलं की आता काहीही न विचारता कुणीतरी काढून द्यायचं. मी मात्र उठून जायचे, कोपऱ्यातलं अक्षर वाचायचे, आणि मगच देऊ द्यायचे. मला कुरकुऱ्या बाई म्हणायला लागले.

आबा पुन्हा नगरच्या ऑफिसात आले नाहीत. तलावांच्या कामांवरूनच निवृत्त झाले आणि आपल्या गावी गेले. पुढं एकदा एक कार्ड आलं होतं, मग तेही नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच उन्हाळ्यात. सुधारलेल्या प्रिंट घेऊन जीप खर्ड्याला चालली होती, मी साहेबांना विचारून तिच्यात बसले. पहाटेच निघालो, पोचलो तेव्हा कामाची वेळ होत होती.

खंदक पुन्हा खणला होता, रुंद, दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांचा उतार. माती काठापासून लांब टाकलेली. माणसं घमेली, कुदळी घेऊन वर उभी होती, पण कुणीच खाली उतरत नव्हतं. मी मुकादमाला विचारलं, कशाची वाट बघताय?

"आबा खाली गेल्यात," तो म्हणाला. "रोज आदी ते जात्यात. एकलेच. समदं बगत्यात, मंग हाळी देत्यात. तवर कुनाला पाय टाकू देत न्हाईत."

मी काठाजवळ गेले. खाली अजून ऊन पोचलं नव्हतं. दूर तळाशी ते भिंतीच्या कडेनं सावकाश चालत होते, दर दोन पावलांवर थांबून मातीला तळहात लावत होते. एका जागी बराच वेळ थांबले. वर सगळे तिकडंच बघत होते. एका बाईनं कडेवरच्या पोराच्या तोंडावर हात ठेवला.

मग ते पलीकडच्या टोकाशी वळले. आता मला त्यांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. थोड्या वेळानं तीही दिसेनाशी झाली, आणि खालून आवाज आला.

"या आता."